वजा नऊ आठवडे

डॉक्टर हाल्वर्सननी माझं मोडलेलं मनगट बसवलं होतं,
मी सात वर्षांची असताना.
डुलुथमध्ये त्यांना कुणी सोडत नाही.

म्हणून तीन महिने मी गप्प.
ते काट्यावर ठेवतात आधी टोव्हेला, मग आन्सेलला,
तक्त्यावर टिंब देतात सगळ्या रेषांच्या खाली,
आणि म्हणतात, "पाच महिने झाले, अजून मान धरत नाहीत?"

नऊ आठवडे वजा करा, डॉक्टर.
मार्चअखेर यायची होती ही पोरं,
जानेवारीतच आली, सरोवर गोठलेलं असताना.
"हो हो," म्हणतात, आणि स्टेथोस्कोप
काखेत धरून उबदार करून मगच टेकवतात.
त्या उबेनेच माझी पंचाईत केली.

नवी डॉक्टर किनाऱ्याच्या रस्त्याने सव्वा तास.
फोनवर तिनं आधी हेच विचारलं:
"वय कुठलं सांगताय? जन्मापासूनचं
की ठरल्या तारखेपासूनचं?"
मी गॅरेजमध्ये होते. हिवाळ्याचे टायर रचलेले,
त्यांच्यावरच बसले.

रात्री नील्स म्हणाला, म्हातारा दुखावेल.
दुखावू दे, म्हटलं.
मग पहाटेपर्यंत जागीच.

शुक्रवारी टपालानं फाइल आली.
पाच तपासण्या, पाच पानं,
प्रत्येकावर तेच थरथरतं अक्षर: छान आहेत.
पाकिटाच्या तळाशी दोन नारिंगी लॉलीपॉप
आणि चिठ्ठी: दात आले की द्या.

दारातच उभी राहून
मी महिने मोजू लागले,
कुठल्या तारखेपासून ते न ठरवता.