भागाकार

हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत पहिली नोंद:
खड्डा. बावीस हजार चारशे डॉलर.
थॅडियस क्रूप म्हणाला होता, महिन्याभरात पोहाल.
तिसऱ्या दिवशी, साडेचार फुटांवर,
त्याच्या यंत्राचा दात तुटला.
खाली कलीची. टूसॉनच्या मातीखालचा चुन्याचा थर,
सिमेंटनं ज्याच्याकडे शिकवणी लावावी असा.
हातोड्याचे वेगळे, ताशी दोनशे दहा.
एकोणीस तास.
जमिनीनंच आम्हाला चुना लावला, असं मी लिहिलं
आणि खोडलं.
वही हिशेबाची होती.

दातांच्या दवाखान्यात मी बिलं करायचे.
लोकांच्या तोंडातल्या खड्ड्यांचे भाव मला पाठ.
हा आमच्या परसातला.

येसेनिया तेव्हा नऊ वर्षांची, मासोळी.
पण कायदा शेजारच्या पोरांचाही विचार करतो:
पाच फुटी कुंपण, आपोआप मिटणारं दार.
मग विमेवाल्याचा फोन,
'बाई, आता तुमच्याकडे पाणी आहे,'
जणू आम्ही वाघ पाळलाय.
हप्ता वाढला.
वाघाला क्लोरीन लागायचं, आम्ल लागायचं,
दिवसाचे आठ तास पंपाची घरघर,
आणि जूनमध्ये ऊन त्याच्याच ताटलीतून
रोज अर्धं बोट पाणी पिऊन जायचं.
मीटर आमचा फिरायचा.

एका वर्षी पातळी जरा जास्तच उतरू लागली.
रोहेलिओ म्हणाला, ऊन.
मी म्हणाले, कुठंतरी पाणी मुरतंय.
एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य
पहिल्यांदाच मी नुसतं पाण्याबद्दल बोलले होते.
गळती ऐकणारा माणूस आला,
कानांना यंत्र लावून काठाकाठानं फिरला,
डॉक्टर छातीवर फिरतो तसा.
दिव्याच्या खोबणीत सापडली.
ऐकण्याचे तीनशे पंचाहत्तर.
बुजवण्याचे निराळे.

खर्चाच्या पानासमोर मी टॉवेल लिहायचे.
एक ओला टॉवेल, एक डुबकी.
सुरुवातीची पानं बघा: जुलै, दोनशे अकरा.
दोरीला जागा नसायची,
शेजारच्या ओकाफोरांची तिन्ही पोरं धरून.
त्या वर्षी डुबकीला पडले साडेचार डॉलर,
सिनेमाच्या तिकिटाहून स्वस्त.
मी ते रोहेलिओला दोनदा वाचून दाखवलं.

येसेनिया आता डलूथला असते.
तिथलं तळं जानेवारीत गोठतं, फुकट.
'बुजवून टाका ना,' ती फोनवर म्हणते.
थॅडियस गेला. त्याचा मुलगा येऊन पाहून गेला:
तळाला भोकं पाडायची, काठ फोडायचे,
चौदा ट्रक माती,
अकरा हजार सहाशे.
खड्डा करायला पैसे,
खड्डा नको म्हणायलाही पैसे.
मी त्याला लिंबाचं सरबत दिलं.
ते मात्र वहीत नाही लिहिलं.

गेल्या वर्षी खर्च चार हजार दोनशे साठ.
टॉवेल तीन, तिन्ही रोहेलिओचे,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.
डुबकीला चौदाशे वीस.
यंदा आजवर एकोणीसशे पाच.
टॉवेल शून्य.
आणि शून्यानं भागता येत नाही,
हे नववीत फळ्यावर उभं करून शिकवलेलं.

रात्रीचे अकरा. अजून छत्तीस अंश.
वटवाघळं खाली झेपावून पाणी उचलतात,
त्यांना टॉवेल लागत नाही.
सव्वीस वर्षं मी गुडघ्यापुढे गेले नव्हते.
पोहता येत नाही, हे कुणाला सांगितलंच नव्हतं,
कुणी विचारलंही नव्हतं,
वही हातात असली की माणूस कोरडाच बरा दिसतो.
वही खुर्चीवर ठेवली. चष्मा वहीवर.
पहिली पायरी, दुसरी.
तिसरीला गाऊन फुगला, मी हसले.
चौथीला पाणी गळ्याशी आलं,
म्हणजे खरोखरच.

रोहेलिओ, मी हाक मारली,
टॉवेल आण.