पहिली खेप

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, शनिवार.
पंख्याखाली जुना डबा, आजपासून तोच सर्व्हर.
बाहेरच्या खात्यांतलं टपाल दर पाच मिनिटांनी
ओढून आणायचं, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं.
एवढंच काम.

पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.
दमयंतीबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरून वाचून दाखवला:
मुलीचं नाव, पुढे तिचं जन्मसाल.

साडेचारला खेप उतरली.
कस्टम्स, गोदीवाले, लॉटरी लागल्याची तीन,
आणि खामकरांच्या नावाने एकशे बारा.
खामकर दिवाळीतच गेले.

"यांचं खातं काढून टाकू?"
बाई चष्मा पुसत राहिल्या.
"असू दे. पाठवतंय ना कोणीतरी अजून."

खण ठेवला.
पाच मिनिटांनी एकशे तेरावं आलं,
वाचनालयाचं:
पुस्तक परत करा.