खालची ओळ

गणपती पेठेत, हळदीच्या अडतीवर
मी काट्यावरचा तोलार आणि
आदगोंडा मगदूम दिवाणजी.
दर जानेवारीत खत कंपनीची डायरी यायची, जाड, हिरवी,
प्रत्येक पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ
आणि ओळीखाली कुठल्यातरी मेलेल्या साहेबाचं नाव.

शेठला ती ओळ दिसायची नाही. त्याला वरची पोती दिसायची.
दिवाणजी मात्र दुपारची भाकरी झाली की
चष्मा पुसून
पान खालून वाचायला घ्यायचे.

डिक्शनरी होती त्यांच्याकडं, पोराची, शाळेतली.
तिची ए, बी, सी वाळवीनं खाल्लेली.
त्यामुळं ब्यूटी, करेज, कॉन्शन्स
हे शब्द त्यांनी जन्मभर अंदाजानंच लावले.
"सगळेच तसं लावतात, दस्तगीर," म्हणाले एकदा,
आणि पोत्याची सुतळी सोडवत बसले.

साहेबानं काय म्हटलं होतं कुणास ठाऊक.
दिवाणजींच्या पेन्सिलीतून ते असं उतरायचं:
माणूस माफ करतो, पण व्याज लावून ठेवतो.
शहाणपण येतं उशिरा, आणि आल्या आल्या खुर्ची मागतं.
सुखाची पावती कुणी फाडत नाही, म्हणून मागाहून भांडण होतं.

मी विचारलं, साहेबाच्या देशात पण व्याज असंच लावतात?
हसले. "सौदा बघतोस ना तू?
रुमालाखाली दोन हात. बोटाला बोट कळतं,
भाव दोघांनाच ठाऊक.
माझा नि ह्या गड्याचा तसाच चाललाय.
वरचं कापड तेवढं हाय दीडशे-दोनशे वर्षांचं."

सगळंच पटायचं नाही त्यांना.
एका पानावर लिहिलंय: ह्याला पोरीचं लग्न करायचं नव्हतं.
दुसऱ्यावर: साहेब, हे तुम्ही जेवण झाल्यावर लिहिलंत.
आणि सतरा फेब्रुवारीला, पद्मावतीकाकू गेल्या त्या दिवशी,
तळाशी दुःखाबद्दलच काहीतरी लांबलचक छापलेलं,
त्याखाली फक्त:
आवक नाही.

मग ते पाणी आलं.
आयर्विन पुलावरचे आकडे एकेक करून गिळले त्यानं,
पेठेत होड्या फिरल्या,
दुकानात पाणी माळ्याला टेकलं.
आठव्या दिवशी शटर वर केलं तर
चिखल पिवळा.
अख्खी पेठ हळद लावून उभी
आणि वऱ्हाड कुठं दिसंना.

वह्या उन्हात पसरल्या. शाईतले हिशेब
निळा धूर होऊन गेलेले,
कुणाकडनं किती येणं, कुणाचं किती देणं.
शेठ पान उलटायचा, कपाळाला हात लावायचा,
पुन्हा उलटायचा.
पेन्सिल पाण्याला भीत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.
डायऱ्यांतल्या खालच्या ओळी होत्या तशाच,
थोड्या पिवळ्या.

दिवाणजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
शेठ म्हणाला, रद्दीत घाल.
मी एकोणीस डायऱ्या सायकलला बांधून मिरजेला आणल्या.
वाटेत दोनदा दोरी सुटली.

नातीला इंग्रजी येतं, कॉन्व्हेंटची हाय.
ती आधी साहेबाची ओळ वाचते, मग दिवाणजींची,
मग म्हणते, "नाना, हे चुकलंय. इथं व्याज असं काही नाहीच."
काय हाय मग?
ती सांगते.
चांगलं असतं तेही. साफ, धुतलेलं.
मी ऐकतो, आणि डायरी उशाला घेऊन झोपतो.

काल ती मैत्रिणीशी भांडून आली.
जेवली नाही. रात्री उशिरा म्हणाली,
"जाऊ दे. केलं मी तिला माफ."
मी विचारलं, किती टक्क्यानं?
आधी रागावली.
मग अंधारात बोटं मोजायला लागली.