डाऊन होम, खेरवाडी

ब्लॉक मिळाला दोन तासांचा,
अकरा पाच ते एक पाच.
तेवढ्यात हा खांब उतरवायचा,
शिडी, हात, काचांची चौकट, वजनाचा दांडा, सगळं,
आणि अंधाराच्या आत नाशिक रोडला भंगारात जमा.
मी मेन्टेनर. माझ्या पान्यांना भावना नाहीत,
नंबर आहेत.

शेजारी महिनाभर उभा होता नवा
तोंडावर गोणपाट बांधून.
आज सकाळी ते सोडलं.
कांद्याच्या पहिल्याच रेकला त्याने हिरवा दिला,
न हलता.

जुना हलायचा.
केबिनमध्ये लिव्हर ओढला की
आठशे मीटर तार चाकांवरून कुरकुरत जायची,
द्राक्षाच्या बांधाला लागून, घाणेरीतून,
आणि हात पडायचा.
पडला! कुणीतरी ओरडायचं,
बायका पिशव्या उचलायच्या,
चहावाला उधारीवाल्यांना शोधायचा.
आमच्याकडे पडणं म्हणजे वाट मोकळी.
दुसरीकडे कुठे असं असेल तर सांगा.

निफाडची थंडी इथवर येते.
जानेवारीत तार आखडायची,
हात दोन बोटं खाली, ना हो ना नाही,
आणि ड्रायव्हर खांबाशी उभा, शिट्ट्यांवर शिट्ट्या.
मे महिन्यात तीच तार ढिली.
रात्री-अपरात्री दार वाजायचं:
अर्धाच पडतोय हो.
नियम असा, की अर्धवट हो म्हणजे नाहीच.
आणि तार तुटलीच तर वजनाने हात आपसूक आडवा.
हे ज्याने कुणी ठरवलं
त्याच्या घरात बरंच काही तुटलं असणार.

कचरू निरभवणे, बत्तीवाले,
रिटायर होऊन एकवीस वर्षं,
मफलर गुंडाळून येऊन बसले किलोमीटरच्या दगडावर.
कुणी बोलावलं नव्हतं.
रोज तिन्हीसांजेला ही शिडी त्यांची,
एका हातात बत्ती, दातात काडेपेटी.
खाली बघायचं नाही, म्हणाले,
खाली नुसतं उतरायचं.

आता वर कोण चढतं?
कुणी नाही, मामा. पॅनेलवर बटण आहे.
अन् दिवा गेला तर?
टेबलावर घंटा वाजते.
घंटा बरी, ते हसले,
आमच्या वेळी शिव्या वाजायच्या.

बारा वीसला हात खाली आला.
जमिनीवर ठेवला तर केवढा लांब,
माणसाएवढा, लाल, पांढऱ्या पट्ट्याचा,
कोपराशी गंजलेला.
चौकटीतली लाल काच फुटलेलीच होती.
हिरवी मी पुसली, उन्हात धरली,
आणि क्षणभर वाटलं चुकीची आली कुठूनतरी.
निळी.
स्वच्छ निळी, शाईच्या दौतीसारखी.
तीस वर्षं मी हिला हिरवी म्हणत आलो,
कागदावर, फोनवर, बायकोपोरांत.

निळीच असते, कचरूमामा म्हणाले,
जसं काही मी विचारलं होतं की
कांदा जमिनीत येतो का.
रॉकेलची जोत पिवळी.
ती मागे लागली की हिरवं.
काडेपेटी होतीच त्यांच्याकडे.
मफलरचा आडोसा केला, काडी ओढली,
काचेमागे धरली.

उजेडात नीट दिसलं नाही.
पण होतं. बोट भाजेपर्यंत होतं.
गँगमधला नवा पोरगा म्हणाला, परत दाखवा ना.
तीन काड्या गेल्या.

एक पाचला ब्लॉक सुटला.
नव्याने पिवळा दिला, मग हिरवा,
नंदीग्राम धडधडत निघून गेली,
काचेतल्या कुणी इकडे पाहिलं नाही.

भंगाराच्या रजिस्टरात एक एक लिहीत गेलो:
हात, लोखंडी, एक.
शिडी, एक.
वजन, एक.
काच, हिरवी
इथे पेन थांबलं.
हिरवी खोडलं. निळी लिहिणार होतो,
ऑडिटवाल्याला काय सांगणार?
दगडाकडे पाहिलं. मामा उठून गेले होते,
पायवाटेने, हळू,
मफलर एका बाजूने जड.

काच, एक, असं लिहिलं.
पुढच्या रकान्यात: फुटली.