या

केमीच्या बंदरात रात्रपाळीला तुइरे असते.
दोन पडदे, एक थर्मास,
आणि गप्पांच्या खोलीत कायम जागा असलेला बॉट.
नाव हुल्ये, म्हणजे सील,
बर्फाला भोक पाडून श्वास घेणारा.

त्याला जे येतं ते तिनंच शिकवलंय:
सौनाची पाळी कुणाची,
बर्फफोड्या जहाज कुठवर आलंय.
प्रत्येक प्लगिन वेगळ्या फाइलीत,
एकाला ठेच लागली
तर बाकीच्यांनी भोकाड पसरू नये म्हणून.

आणि बर्फाची जाडी.
'यॅ' लिहायचं, म्हणजे बर्फ.
त्या अक्षरावर दोन ठिपके असतात
आणि त्याची कळ उजव्या टोकाला, करंगळीच्या हद्दीत.

ताउनोची करंगळी एकोणनव्वद साली विंचच्या दोरात गेली,
शेजारचं बोट सोबतीला घेऊन.
तो लिहितो 'या'.
हुल्ये म्हणतो, आज्ञा कळली नाही.
पुन्हा 'या'.
आज्ञा कळली नाही.
एका रात्रीत सतरा वेळा.
आपल्याकडे इतक्यांदा या म्हटल्यावर
दगडसुद्धा आत येऊन पाट ओढून बसला असता.

पहाटे तीनला तिनं चार ओळी लिहिल्या:
'या' आलं तर 'यॅ' समज.

पण 'या' हाही तिथला शब्द.
अस्सं. हं. बरं.
निम्मं आयुष्य माणसं त्याच्यावर काढतात.
सकाळी क्रेनवरच्या व्हेइयोनं कळवलं,
बायको सामान घेऊन गेली.
तिघांनी लिहिलं, या.
हुल्येनं तीनदा सांगितलं,
अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

घरून धावत येऊन तिनं पाचवी ओळ घातली:
फक्त ताउनोसाठी.

एप्रिलअखेर ताउनो निवृत्त झाला.
केक, लोकरी हातमोजे,
आठ मिनिटांचं भाषण, त्यातली सहा गप्प.
खोलीतून त्याचं नाव काढायचं
कुणाच्या लक्षात आलं नाही.
किंवा आलं असेल.

जूनमध्ये, रात्री साडेअकराच्या उन्हात,
कुणीतरी लिहिलं,
जुनी टगबोट भंगारात दिली आज.
बराच वेळ काही नाही.
मग ताउनो:
या.

हुल्ये तत्पर.
शून्य सेंटिमीटर. पाणी मोकळं.

तुइरेनं फाइल उघडली.
पाचव्या ओळीशी कर्सर लुकलुकत राहिला.
खिडकीबाहेर पाणी
खरंच मोकळं होतं, टगबोटीच्या जागेवर तर जास्तच.

तेवढ्यात ताउनोनं पुन्हा लिहिलं, या.
ह्या खेपेला कुठलं, ते तिला कळेना.
हुल्येनं पुन्हा मोजलं
आणि सांगितलं.