फरक नऊने भागला

मे महिन्यात लश्करात साडेदहालाच रस्ते ओस.
दौलतगंजातून सायकल हाणत मी लेखा कार्यालयात पोचायची,
पदर तोंडाभोवती, डबा हँडलला.
कर्ज शाखा, दुसरा मजला. कूलर वाळ्याचा वास सोडायचा
आणि थोडं पाणी, नेमकं रजिस्टरांवर.

समोरच्या टेबलाला भदौरिया. त्याच्याकडे रस्ते निधी,
माझ्याकडे आपत्ती निधी.
कुठल्याशा सालात रस्त्यांना खडी कमी पडली
तेव्हा पुरासाठी राखलेले पैसे उसने गेले होते
या टेबलावरून त्या टेबलावर,
सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात.
माझ्या वहीत: रस्ते निधीकडून येणे, ३,५१०.
त्याच्या वहीत: आपत्ती निधीस देणे, ५,३१०.
दोन्ही हजारांत.

असं भांडण मी दुसरं पाहिलं नाही.
देणारा म्हणतो जास्त, घेणारी म्हणते कमी.
"ले लीजिए न, खांबेटे मैडम, हम तो मान रहे हैं."
मी म्हणायची, चलन दाखवा.
चलन भोपाळला गेलेलं. भोपाळला गेलेला कागद
परत येतो तेव्हा मागवणारा निवृत्त झालेला असतो.

परीक्षेसाठी पाठ केलं होतं: फरक नऊने भागला
तर समजावं, अंकांनी जागा बदलल्यात.
अठराशे. दोनशे वेळा नऊ.
अकरा मार्च मी त्याला हेच ऐकवलं,
उलटं तुम्ही लिहिलंय.
तो गजक मोडून अर्धा तुकडा
माझ्या टेबलाच्या काचेवर ठेवायचा.
याची नोंद कुठेच नाही.

दुपारी बाहेरच्या कर्जदारांना पत्रं.
नगरपालिका, साखर कारखाना, बंद पडलेल्या सोसायट्या.
मार्चअखेर बाकी अमुक, मान्य असल्यास सही करून परत पाठवावे.
बहुतेक गप्प.
ईसागढच्या विणकर सोसायटीचं कार्ड मात्र दरसाल यायचं,
जांभळी शाई, कोपऱ्याला हळदीचं बोट:
"बाकी मान्य है. समिति अब नहीं है. मैं हूँ.
हरगोविंद कोरी, भूतपूर्व मंत्री."
बावीस हजार चारशे, अधिक व्याज. मागांसाठी घेतलेले.
माग कुठे गेले, ते कार्डात नसायचं.
मी दरसाल ती रक्कम वसुलीयोग्य धरली.
साहेबांनी एकदा विचारलं, आधार काय?
मी कार्ड पुढे केलं.
त्यांनी दोनदा वाचलं, आणि कूलर बंद करायला सांगितलं.

भदौरिया निवृत्त होऊन भिंडला गेला, मोहरीच्या शेतावर.
माझ्या शेवटच्या आठवड्यात भोपाळहून गठ्ठा आला,
सुतळी इतकी जुनी की गाठ सोडवावी लागली नाही.
चलनावर ५,३१०.
आणि माझ्या वहीत तीन आधी, पाच नंतर,
शेजारी माझंच आद्याक्षर, तरुण, घाईतलं.

लाल शाईने दुरुस्ती केली. मग फोन लावला.
तुमचं बरोबर होतं.
पलीकडे पंप चालू होता. "तो अब हम पर कितना निकला?"
काहीच नाही, म्हटलं. आकडे जुळले की
एकत्रित ताळेबंदात येणं आणि देणं
एकमेकांना खोडून टाकतात.
छापील पुस्तकात आपण दोघं नसतोच.
तो हसला. किंवा पंपच असेल.

त्या वर्षी ईसागढचं कार्ड आलं नाही.
माझं पत्रच परत आलं,
पाठीवर पोस्टमनच्या पेन्सिलीत एक शब्द.
नियमाने आता संशयास्पद रकाना.
हे बाहेरचं येणं, याला खोडायला
आतल्या कुठल्याच वहीत देणं नाही.
साडेपाच वाजून गेले होते. शिपाई किल्ल्या वाजवत उभा.
मी व्याज पुन्हा एकदा मोजलं,
पैशापर्यंत.