उणे ऐंशी

दार उघडलं की धुकं आधी पायांवर सांडतं.
मग खोके दिसतात, मग आकडे,
आणि माझंच अक्षर, तिशीतलं, जरा गर्विष्ठ.
आज निवृत्ती. केक झाला, भाषणंही.
मन्सूरातल्या या तळघराच्या चाव्या
आता रबाबला द्यायच्या.

हा विषाणू दार वाजवत नाही.
पाहुण्यासारखा येतो, पाय दुमडून बसतो,
वीस वर्षं चहासुद्धा मागत नाही.
मग एके दिवशी घरच मागतो.
भाषणात हे म्हटलं तेव्हा सगळे हसले.
कितीतरी वर्षं हेच वाक्य वापरतेय मी.

आई मला काळजाचा तुकडा म्हणायची.
आमच्या अरबीत ते काळीज म्हणजे यकृत,
खाटकाच्या आकड्याला लटकतं तेच.
कॉलेजात पहिल्यांदा चिरलं तेव्हा
तिचा आवाज आठवून मला हसू फुटलं होतं.

बाबा कफ्र सवाकीचे कंपाउंडर.
कालव्यात डुंबणाऱ्या पोरांना रक्ताची लघवी व्हायची,
सरकारनं औषध पाठवलं, सुईतून द्यायचं.
काचेच्या सहा सिरिंजा, एक स्टोव्ह,
आणि शाळेच्या अंगणात नव्वद पोरं, बाह्या वर सारून.
बायका म्हणायच्या, मुतवल्लीचा हात हलका.
टोचलं कधी, कळतसुद्धा नाही.

खरंच. कळलं नाही.

मी अक्षरं मोजत मागे गेले,
या जनुकात वर्षाला एवढ्या चुका,
म्हणजे इतकी वर्षं,
आणि धागा जिथे सुटला तिथे
एक अंगण होतं. एक स्टोव्ह.

निबंध छापून आला. बाबांनी चष्मा लावून
इंग्रजी पानावरून बोट फिरवलं.
"यात माझं नाव कुठे आहे?"
नाहीये, म्हटलं. कुणाचंच नाही.
बोट होतं तिथेच थांबलं.
"पाणी किती वेळ उकळायला हवं होतं?"
वीस मिनिटं, बाबा.
"रांग मोठी होती गं."

पुढे गोळी आली. बारा आठवडे, रोज एक.
त्याच अंगणात पुन्हा रांग लागली,
टक्कल पडलेल्या त्याच पोरांची.
एकानं घाबरत विचारलं, सुई नाही ना?
बाबांची ही रांग चार वर्षांनी चुकली.

संमतीची मुदत संपलेले नमुने
नष्ट करायचे, असा नियम आहे.
एक खोका भरला. त्यात कुपी क्रमांक ४१७,
आत नखभर पिवळट बर्फ.
पुरुष, वय अडुसष्ट. व्यवसाय:
त्यापुढे मी काहीच लिहिलेलं नाही.

ऑटोक्लेव्हचं झाकण आवळलं.
रबाब म्हणाली, डॉक्टर, तुम्ही निघा, मी बघते.
नको, म्हटलं.
स्टूल ओढलं,
मनगटावरचं घड्याळ काढून
समोर ठेवलं.